कायमचा स्टोमा आणि नंतरचे जगणे

गुदाशयाचा कर्करोग गुदद्वाराला अगदी लागून असला किंवा तिथल्या आवळणाऱ्या स्नायूत शिरला, तर गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढावी लागतात. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. आतड्याचे उरलेले टोक बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली बाहेर काढून त्वचेला शिवतात. हा स्टोमा. घरोघरी मात्र ‘पिशवी लावली’ एवढेच म्हटले जाते.

स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही. धुताना थोडे रक्त आले तरी घाबरण्याचे कारण नसते. सुरुवातीची सूज उतरून तो सहा ते आठ आठवड्यांत आक्रसतो. त्याला आवळणारा स्नायू नसल्याने मल आणि वायू अडवून धरता येत नाहीत. रुग्णाला सगळ्यात अवघड जाते ते हेच. पहिले काही दिवस अनेक जण त्याकडे पाहतही नाहीत आणि पिशवी बदलण्याचे काम घरच्यांवर सोपवतात. ते काम स्वतःच्या हातात आले की परावलंबन निम्मे सरते.

पुढचा त्रास टाळण्याची सुरुवात शस्त्रक्रियेच्या आधीच होते. रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकवून स्टोमाची जागा आखतात. परकराची किंवा पायजम्याची नाडी, पोटाची वळी, जुना व्रण यांच्यावर ती येऊ नये आणि रुग्णाला स्वतःला दिसावी. जागा चुकली तर पिशवीची त्वचेला चिकटणारी चकती नीट बसत नाही. मल चकतीखाली झिरपून त्वचा सोलवटते, सोलवटलेल्या त्वचेवर चकती टिकत नाही आणि गळती वाढतच जाते. म्हणून चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायचे आणि पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करायची, हे नियम शिकवले जातात.

गळतीची धास्ती माणसाला घरात कोंडते. डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सॉरेन्सन यांची बहीण याच भीतीने बाहेर पडेनाशी झाली होती. त्यातून १९५४ साली त्यांना त्वचेला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना सुचली. डॉक्टरांच्या संमतीने काही रुग्ण एक-दोन दिवसांआड स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडे धुतात. त्याला सुमारे तासभर लागतो, पण मधल्या काळात बहुधा मल येत नाही आणि लग्नकार्य किंवा एसटीचा लांबचा प्रवास सोपा होतो.

खाण्यापिण्याची कायमची पथ्ये फारशी नसतात. कोबी, वाल, कांदा यांनी वायू वाढतो. अंडी आणि मासे यांनी वास वाढतो. काय सोसते ते एकेक पदार्थ खाऊन ज्याचे त्याने ठरवायचे असते. आंघोळ पिशवीसह किंवा पिशवी काढूनही करता येते.

काही त्रास पिशवीपलीकडचे असतात. गुदद्वाराच्या जागची जखम भरायला वेळ लागतो; काहींना काढून टाकलेल्या गुदाशयात शौचाची भावना होत राहते. स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो, म्हणून जड ओझे टाळावे लागते. ओटीपोटातील मज्जातंतू दुखावल्यास लघवीच्या आणि लैंगिक तक्रारी उद्भवतात. संकोचापोटी त्या बहुधा सांगितल्याच जात नाहीत, पण त्यांवर उपचार आहेत.

गुदद्वार वाचले म्हणजे जगणे आपोआप अधिक सुखाचे होते, असे मात्र नाही. आतडे खूप खाली जोडलेल्या अनेकांना दिवसातून कितीतरी वेळा घाईने शौचाला धावावे लागते. स्टोमा असलेले आणि आतडे जोडलेले अशा दोन्ही गटांची तुलना करणाऱ्या अभ्यासांच्या, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही, स्टोमा असलेल्यांचे जीवनमान खालावलेलेच असते असा निष्कर्ष काढता आला नाही.

कर्करोगासाठीची नियमित तपासणी पुढे काही वर्षे चालते. उरलेल्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून पाहणी स्टोमातूनच केली जाते.