पटावरचे एकतीस

बालमित्रांनो, "शिक्षकांचं बरं असतं बुवा, सकाळी जायचं नि संध्याकाळी घरी!" असं पुष्कळ जण म्हणतात. तुमच्याही घरी कुणी म्हणत असेल. म्हणून म्हटलं, आज तुम्हांला माझा एक साधा दिवस सांगावा. त्यात मोठं असं काही घडलेलं नाही. पण सायकलवरून घाट चढावा-उतरावा, तसा तो गेला.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. म्हणजे वर्ग चार नि शिक्षक दोन. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. एका वर्गाला पाढे लिहायला द्यायचे, तोवर दुसऱ्याला धडा शिकवायचा, असा आमचा खो-खो दिवसभर चालतो. माझ्या दोन्ही वर्गांचा पट 31.

दसरा-दिवाळीच्या सुमारास इकडे सीताफळं पिकतात आणि घराघरांतून कोयत्यांना धार लागते. ऊसतोडीचा हंगाम जवळ आलेला असतो. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे कामाचे पैसे आधीच घेऊन खर्चून झालेले असतात. ते फेडायला नवरा-बायको दोघंही जातात. अशा जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मग पाच-सहा महिने घराला कुलूप! लेकरं कुणाकडे ठेवायची?

परवाचा सोमवार असाच, निघण्याच्या दिवसांतला. सकाळीच माझी गाडी पंक्चर झाली. ढकलत ढकलत पोचेपर्यंत घामाघूम. त्यात सर प्रशिक्षणाला गेलेले. वाटलं, आता शाळेत नुसता गोंधळ असणार. बघते तर काय, चौथीच्या मुलींनी घंटा देऊन परिपाठ सुरू केला होता. प्रार्थना झालेली, फळ्यावर सुविचारही लिहिलेला. त्यात एक वेलांटी चुकली होती, पण पंक्चरचा राग कुठल्या कुठे पळाला.

हजेरी घेतली आणि मन पुन्हा खाली आलं. 31 पैकी 22. मागच्या आठवड्यात 27 होते.

गणिताच्या तासाला मी उदाहरण घातलं, "एका मोळीत 20 ऊस, तर 15 मोळ्यांत किती?" एरवी पाढे म्हटलं की खिडकीबाहेर बघणारा चौथीतला एक मुलगा पटकन उभा राहिला. "बाई, ऊस जाड का बारीक? जाड असला तर मोळीत इतके बसत न्हाईत." सगळा वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, "बारीक धर." त्यानं पाटी न घेताच सांगितलं, "तीनशे!"

दुपारी खिचडी. मुलांनो, तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्या शाळेत खिचडी होती का? ही योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली, तेव्हा हजेरी चांगली असेल तर महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा. शिजवलेलं अन्न नंतर आलं.

खिचडी होते न होते तोच त्या तीनशेवाल्या मुलाचा चुलता दारात. "बाई, गाडी आलीया. पोराला धाडा." मी थांबवून पाहिलं. पण त्याची आजी वारलेली, मागं राहायला घरात कुणीच नाही. मग शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. त्यानं दप्तरातून वाचनपेटीतलं पुस्तक काढून पुढे केलं. "अर्धंच झालंय, बाई." मी ते परत त्याच्याच हातात दिलं आणि वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, 'परत करण्याची तारीख : गुढीपाडवा.'

शाळा सुटल्यावर तिसरीतल्या एका मुलीच्या घरी गेले. तिलाही न्यायचं ठरलं होतं. फडात आईबाप ऊस तोडणार आणि ही कोपीवर धाकट्या भावाला सांभाळणार! वडील म्हणाले, "बाई, मलाबी कळतंय. पण बारक्याला कोण बघंल?" मी हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. तिथे दोन वेळचं जेवण मिळतं. पण प्रश्न जेवणाचा नव्हताच. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी चुलीपुढची आजी म्हणाली, "दोघंबी ऱ्हाऊ द्या मपल्यापाशी. बारकं बसंल बाईच्या अंगणवाडीत." आई काही बोलली नाही. तीन वर्षांचं लेकरू सहा महिने दिसणार नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मुलगी मात्र गालातल्या गालात हसत होती. मला आनंद झाला, पण त्या माउलीकडे बघून तो बोलून दाखवता येईना.

एक गेला, एक राहिली. दिवसाचा हिशेब मांडला तर शिल्लक शून्य. पण माणसांचा हिशेब असा होत नसतो. राहिलेल्या मुलीला शिकवायचं आहे आणि गेलेल्याची वाट पाहायची आहे.

सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या बालमित्रांनो, आता तुम्हांलाच एक काम सांगते. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यामुळे वर्षाच्या मध्येही शाळेला मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. पण कायदा दारापर्यंत आणून सोडतो. आत बाकावर सरकून जागा तुम्हीच द्यायची असते. तुमच्या वर्गात हिवाळ्यात एखादा नवा मुलगा आला, त्याचं बोलणं जरा वेगळं वाटलं, तर हसू नका. त्याला मोळ्यांचं गणित विचारा. आणि त्याच्या दप्तरात अर्धं वाचलेलं पुस्तक असेल, तर ते पुरं करायला मदत करा. पाडव्याला ते मला परत हवं आहे.