सईसाचा रविवार

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सुट्टीचं काय करता म्हणून विचारलं होतंस. अरे, जुलै लागला की मुंबईचे घोडे घाट चढून पुण्यात येतात आणि शनिवार-रविवार शर्यती सुरू होतात. घोड्यांच्या यार्डातली माणसं जरा टेकतात ती सोमवारी.

आमच्या चार वर्षांच्या घोडीची आज शर्यत होती. काल पहाटे, पावसाची रिपरिप चालू असताना, तिला नुसतं हलकं पळवून आणलं. पण मला सांगायचंय तिच्या सईसाबद्दल, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. पन्नाशीचा माणूस, वडीलही सईसच. ट्रॅकवर न्यायच्या आधी तो उकिडवा बसला आणि तिच्या पुढच्या पायांच्या नळीमागून तळहात हळूहळू खाली नेला. आधी डावा पाय, मग उजवा, मग पुन्हा डावा. कुठे ऊब लागते का, ते तो चाचपत होता. साडेचारशे किलोचा देह भरधाव पळताना क्षणभर एकाच पायावर येतो. तिथली शीर दुखावली तर घोडा महिनोन् महिने उभा राहतो. सूज दिसायच्या आधी ही ऊब हाताला कळते, आणि असा हात तयार व्हायला वर्षं जातात. मग त्याने गव्हाणीत डोकावून पाहिलं. रात्रीची चंदी संपली होती. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याची पोटदुखी जिवावर बेतू शकते. चंदी उरली की सईसाचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आज घोडी जिंकली! १६०० मीटर, पावणेदोन मिनिटांच्या आत. मालक, ट्रेनर, जॉकी सगळ्यांचे फोटो निघाले. सईस मात्र तिला घेऊन तपासणीच्या खोलीकडे गेला. जिंकलेल्या घोड्याच्या लघवीचा नमुना द्यावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत हा बिचारा बारीक शीळ घालत उभा. लहानपणापासून तिला त्या शिळेची सवय लावलेली. त्यानंतर घाम सुकेपर्यंत तिला फिरवणं, पाय पाण्याखाली धरणं, खरारा, थोडा लसूणघास. त्याच्या पोटात अन्न गेलं तेव्हा अंधार पडला होता.

शर्यतीच्या पुस्तिकेत घोड्याच्या आईबापाचं नाव असतं, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं असतं. सईसाचं नसतं. पुण्याचं हे मैदान १८३० चं आहे, एवढ्या काळात सईसाचं नाव केव्हाच यायला हवं होतं. मला हे फार लागतं.

आपलं मुंबईतलं महालक्ष्मीचं मैदान तुझ्या मेलबर्नच्या कॉलफिल्डवरून बेतलेलं आहे. एखाद्या शनिवारी कॉलफिल्डला जा आणि त्यांच्या पुस्तिकेत घोडा सांभाळणाऱ्याचं नाव छापतात का, ते पाहून मला कळव. छापत असतील तर त्या पानाचा फोटो पाठव, इथे पुस्तिका काढणाऱ्या साहेबांपुढे ठेवतो.

तुझा,
यार्डातला मित्र