नातवाचा खेळ आणि आजोबांचा निकाल

खेळण्याची परीक्षा घेण्याचा प्रसंग या वयांत माझ्यावर येईल असें कधीं वाटलें नव्हतें. उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत आणि उत्तरपत्रिका तपासण्यांत गेला. परंतु गेल्या दिवाळींत धाकट्या सूनबाईंनीं एक काळी, चपटी वस्तु माझ्यापुढें ठेवली आणि म्हटलें, "मामंजी, हें घरांत ठेवावें कीं नाहीं, तें तुम्हीच ठरवा. तुमच्या शब्दाबाहेर तो जाणार नाहीं."

'तो' म्हणजे माझा दौंडचा नातू. येत्या चैत्रांत त्याला अठरावें वर्ष संपेल, आणि तेव्हां मोटारसायकल घेऊन देण्याचें वचन त्याच्या वडिलांनीं दिलेलें आहे. सूनबाईंच्या काळजीचें मूळ तेथें होतें.

ती वस्तु म्हणजे सोनी या जपानी कंपनीचें 'प्लेस्टेशन पोर्टेबल'. तें २००४ च्या डिसेंबरांत जपानांत निघालें, आणि २०१४ सालीं कंपनीनें त्याचा व्यवहार आटोपता घेतला. आमच्याकडे तें एका आतेभावाकडून, वापरून झाल्यावर आलेलें. पडदा सव्वाचार इंचांहून किंचित् मोठा. त्यांतील खेळाचें नांव 'मिडनाइट क्लब ३', साल २००५. सॅन डिएगो, अटलांटा आणि डेट्रॉइट या तीन अमेरिकन शहरांच्या रस्त्यांवरून, ऐन रहदारींतून, मोटारी पळवावयाच्या. ठराविक खुणा गांठावयाच्या. मधला मार्ग मात्र ज्याचा त्यानें शोधावयाचा.

उत्तरपत्रिका न वाचतां गुण देणें हा परीक्षकाचा अधर्म होय. म्हणून रात्रीं जेवणें आटोपल्यावर मी स्वतःच खेळावयास बसलों. पहिल्या दिवशीं माझी मोटार भिंतींपासून दूर जाईना. तिसऱ्या दिवशीं साडेबारा वाजले तरी यंत्र माझ्या हातांतून सुटेना!

गुण प्रामाणिकपणें देतों. वेगाचा आभास निर्माण करण्यास दहांपैकीं आठ. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ धांवतो, तेव्हां वेगामुळें दृष्टीला पडणारा भ्रम कालिदासानें वर्णिला आहे. तो श्लोक मी किती वर्षें शिकविला. त्याचा अनुभव मात्र या तळहाताएवढ्या पडद्यावर प्रथम आला. मार्ग शोधावयास लावण्याच्या युक्तीस सात. प्रत्येक शर्यतीपूर्वीं जें ताटकळत बसावें लागतें, त्याला तीन. कांहीं गाड्यांना अशी शक्ति दिलेली आहे कीं, कळ दाबतांच भोंवतालचा काळ मंदावतो आणि चालकाला अडचणींतून वाट काढतां येते. धडकेनंतर गाडी पुन्हां रस्त्यावर उभी! येथें मात्र माझी लेखणी अडली.

मीं हें बोलून दाखविलें तेव्हां नातू म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती नाहींत का? त्या तुम्ही हौसेनें पाहतां."

त्याचें म्हणणें खरें होतें. मीं सांगितलें, "अरे, तो गाडा घाटांत पळतो, बाजाराच्या रस्त्यावर नव्हे. एका वेळीं एकच बारी सुटते आणि सेकंद मोजतात. तरीही २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत राज्याचा कायदा वैध ठरला. शर्यतीला जागा आणि मर्यादा हवी."

उत्तर बिनतोड दिलें असें वाटून मी समाधानानें झोंपलों.

दोन दिवसांनीं न्हावऱ्याहून स्कूटरवर घोडनदीस परतत होतों. गळिताचा हंगाम नुकताच सुरू झालेला. तिन्हीसांजेला पुढें उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालला होता. मागें दिवा नाहीं, तांबडी चकती नाहीं. एरवीं मी अशा वेळीं मुकाट्यानें मागें राहतों. त्या दिवशीं मात्र मनगट आपोआप वळलें आणि उजव्या बाजूची फट डोळ्यांनीं मापली. समोरून मालमोटार येत होती. कसाबसा ब्रेक दाबला. मालमोटार हातभर अंतरावरून निघून गेली. काळ कांहीं मंदावला नाहीं. कडेला स्कूटर उभी केली, तेव्हां पाय लटपटत होते. ती फट पाहण्याची संवय मला पांच रात्रींत कोठून लागली, हें सांगावयास नको.

ही गोष्ट लपवून निकाल दिला असता तर तो खोटा ठरला असता. रात्रीं पंगतींत मीं ती सर्वांसमक्ष सांगितली. सूनबाईंच्या हातांतील वाढप थांबलें. नातू खालीं मान घालून जेवत होता. उपदेशाला तो नेहमीं उत्तर देतो. त्या रात्रीं त्यानें दिलें नाहीं.

निकाल असा दिला: खेळ उत्तम आहे, तो घरांत राहावा, परंतु ज्या दिवशीं खेळेल त्या दिवशीं मोटारसायकलीस हात लावावयाचा नाहीं, आणि पहिलें वर्षभर दिवेलागणीनंतर ती रस्त्यावर काढावयाची नाहीं.

दौंडला परत निघतांना नमस्कार करून त्यानें हळूच विचारलें, "आजोबा, हा नियम तुमच्या स्कूटरला लागू आहे ना?"

"आहे," मीं म्हटलें. तेव्हां कुठें तो हंसला, आणि यंत्र माझ्या उशाशीं ठेवून गेला.