पानगळीतला धूर

माघ सरत आला की अकोल्यातले कडुलिंब पानं गाळू लागतात. आमच्या कॉलनीत जवळजवळ प्रत्येक कंपाउंडला लिंब आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हीच झाडं आम्हाला तारतात. पण पानगळीच्या दिवसांत रोज सकाळी अंगण झाडायचं, ढीग लावायचा आणि काडी ओढायची, अशी इथली रीत होती.

माझ्या सासऱ्यांना दमा. पहाटेच्या गारव्यात धूर वर जात नाही, खिडक्यांच्या उंचीवरच पसरून राहतो. दारं लावून घेतली तरी तो फटींतून आत यायचा. दोन्ही हात पलंगाच्या कडेवर रोवून, खांदे वर ओढत ते श्वास घ्यायचे. बोलणं शब्दाशब्दाला तुटायचं. पंप दिला की थोडा आराम पडायचा, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत दुसरा ढीग पेटलेला असायचा.

एकदा शेजारच्या दादांनी ढीग पेटवण्याआधी मी काठीने तो उकरून दाखवला. वर पाला होता, पण खाली दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, थर्माकोलची ताटली आणि लहान बाळाचं डायपर निघालं. नुसत्या पाल्याच्या धुरातही छातीत खोल उतरणारे सूक्ष्म कण असतात. प्लॅस्टिक जळालं की त्यात विषारी वायूंची भर पडते.

दादा म्हणाले, "वहिनी, लिंबाचा धूर हाय, त्यानं मच्छर पळतात. अन् मी आपल्या कंपाउंडातच जाळतो, रोडवर नाही."

कंपाउंडचा मुद्दा पुष्कळ जण काढत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा जाळण्याची मनाई आपल्या आवाराबाहेरचे रस्ते आणि मोकळ्या सार्वजनिक जागा यांच्या संदर्भात लिहिली होती. पण त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर पूर्ण बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. बागेतला पालापाचोळा वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, हेही २०१६ च्या नियमांत होतं.

हे सगळं दादांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग पाला ठेवू कुठं, तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. घंटागाडीवाला पाल्याची पोती घ्यायला कुरकुर करायचा, कारण गाडी दोन घरांतच भरून जायची. तेव्हा आम्ही काही बायकांनी परसात खड्डे करायचं ठरवलं. पाल्याचा थर, त्यावर भाजीची देठं नि सालं, वरून शेणकाला. खड्ड्याला उधई लागेल, विंचू निघतील, अशी भीती सगळ्यांनाच होती. म्हणून भिंतीपासून दूर जागा निवडली आणि पाला सतत ओला ठेवला. वऱ्हाडच्या उन्हात तो लगेच कोरडा पडतो, त्यामुळे वर भिजवलेलं बारदान टाकावं लागतं. लिंबाचा पाला कुजायला वेळ घेतो. पावसाळा सरल्यावर खालून काळं, भुसभुशीत खत निघालं. दादांनी ते हातात चोळून, वास घेऊन पाहिलं आणि पुढच्या पानगळीत आपल्याही आवारात खड्डा खणला.

अकोला आणि अमरावती, दोन्ही शहरं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या शहरांमध्ये अमरावती देशात पहिली आली. कचरा जाळण्यावरचं नियंत्रण हाही त्या सर्वेक्षणाचा एक निकष आहे. शंभरेक किलोमीटरवरचं, आमच्यासारखंच ऊन आणि आमच्यासारखाच लिंब असलेलं शहर पहिलं येतं, याचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडेही हवा सुधारेल, ही उमेदही वाटते.

दंडाच्या बाजूने मी ठाम आहे, कारण दमेकऱ्याला आपला श्वास दुसरीकडे नेता येत नाही. पण ज्यांच्या घराला परस नाही, त्यांनी खड्डा कुठे खणायचा? माघ ते चैत्र पाल्यासाठी वेगळी गाडी फिरवा आणि प्रत्येक प्रभागात खताचा एक हौद बांधा. एवढी सोय केल्यावरही जो काडी ओढेल, त्याची पावती बिनदिक्कत फाडा.