संशयी नातलग

याचं कागदोपत्री नाव 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखालील दाव्याचा अर्ज'. एवढं लांबलचक नाव भोसरीत, वाळूजला किंवा अंबडला, कुठल्याच एमआयडीसीत कुणी घेत नाही. तिथे तो 'ईएसआयचा बेकारीवाला फॉर्म' आहे, आणि या हाकेलाही तो बिनतक्रार ओ देतो. जन्म १ जुलै २०१८चा. पहिली पावणेदोन वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. मग २४ मार्च २०२०च्या रात्री कोरोनामुळे देश बंद झाला, कारखान्यांचे भोंगे थांबले, आणि हातातलं काम गेलेली माणसं या एकलकोंड्या गृहस्थाचा पत्ता विचारू लागली. त्याची ओळख करून द्यायची तर ती त्याच वर्षातली करून द्यायला हवी.

घराणं जुनं आणि मोठं आहे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरला योजनेचा आरंभ केला. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात, कर्त्या माणसाचा मृत्यू, प्रत्येक प्रसंगाला धावून जाणारं या घरात कुणी ना कुणी होतं. काम गेलं तर कोण येणार, याला मात्र पन्नासहून अधिक वर्षं घरात उत्तर नव्हतं. २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. ती याची थोरली बहीण. मदतीला ती याच्यापेक्षा जास्त काळ थांबते, पण कारखाना बंद पडल्याशिवाय, कामगार कपात झाल्याशिवाय किंवा माणूस कायमचा अपंग झाल्याशिवाय ती दार उघडत नाही. तिच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांसाठी हा धाकटा जन्माला आला.

देताना याचा हात आखडता. मुळात तो रोजच्या सरासरी मिळकतीच्या २५ टक्के द्यायचा, आणि तेही जास्तीत जास्त ९० दिवस. २० ऑगस्ट २०२०च्या बैठकीत ईएसआय महामंडळानं त्याला ५० टक्के द्यायला लावले, २४ मार्चपासूनच्या बेकारीला लागू करून. सरासरी काढण्याची त्याची रीत ठरलेली आहे. मागच्या दोन वर्षांची सगळी मिळकत गोळा करायची आणि ७३०नं भागायचं. रविवार, दिवाळीची सुट्टी, ऑर्डर नाही म्हणून लाईन बंद राहिलेले दिवस, सगळे त्या ७३०मध्ये. महिना १५ हजार कमावणाऱ्याला अशा हिशोबानं दिवसाला अडीचशेच्या आत मिळतात, तीन महिन्यांचे मिळून साधारण २२ हजार. खोलीचं भाडं आणि किराणा त्यातून कसाबसा निघतो, मुलांची शाळा मोबाईलवर आल्यापासून वाढलेला रिचार्जचा खर्च निघत नाही.

तरी ही रक्कम खैरात नाही. त्याच १५ हजारांतून दरमहा ०.७५ टक्के, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे कामगाराचे कापले जातात आणि ३.२५ टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे मालक भरतो. एका कामगार संघटनेच्या टेबलावर फॉर्म भरून घेताना सुटे भाग जोडणाऱ्या एक ताई मध्येच पेन खाली ठेवून म्हणाल्या होत्या, "दादा, मी मागायला आलेले नाही. माझेच आहेत ते." या अर्जाशी बोलायची खरी रीत हीच आहे.

त्याचा स्वभाव संशयी. तुमचं काम गेलं यावर त्याचा तुमच्या शब्दावरून विश्वास बसत नाही. सुरुवातीला तो २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र मागायचा. एप्रिल-मे २०२०मध्ये स्टॅम्प पेपर विकणारा घरात, नोटरी घरात, झेरॉक्सचं दुकान पत्रा ओढून बंद. ज्या रोगानं माणसाला घरी बसवलं त्याच रोगानं त्याला पुराव्याचे सगळे रस्ते बंद केले, आणि हा गृहस्थ आपला जागचा हलेना. नोव्हेंबर २०२०मध्ये त्याला प्रतिज्ञापत्राचा हट्ट सोडायला लावला. ऑनलाईन दावा भरा, आधार आणि बँकेच्या तपशिलाच्या प्रती जोडा, पुरे, असं ठरलं. तोवर टाळेबंदीला आठ महिने होत आले होते. या आठ महिन्यांत किती जणांनी त्याचा नाद सोडला असेल याचा विचार केला की मला आजही राग येतो.

पण त्याहून अवघड होती त्याची दुसरी सवय. पूर्वी तो कामगाराच्या हातून येतच नसे. शेवटच्या मालकानं तपासून, पुढे पाठवून दिलेला अर्ज तेवढा तो मानायचा. काम ज्यानं काढून घेतलं, त्याच्याकडेच जाऊन 'यानं काम गमावलं' असं लिहून आणायचं. त्यात कायम कामगार थोडे, बाकी कंत्राटी. त्यांचा मालक कोण, हेच आधी ठरवावं लागतं. गेटवर कंपनीची पाटी, पगार ठेकेदाराचा, आणि ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे त्याचा मोबाईल. तो मोबाईल एप्रिलनंतर लागेनासा झाला.

काढून टाकणंही त्या वर्षी निराळ्याच तऱ्हेचं झालं. एका वेल्डरला अर्जानं विचारलं, नोकरी कधी गेली? त्याला तारीख सांगता येईना. या म्हणाले नाहीत, येऊ नका असंही कुणी म्हणालं नाही. नुसतं बोलावलं नाही. जूनमध्ये कारखाना थोडा थोडा सुरू झाला तेव्हा याच्या शिफ्टमधले चौघे गेले, हा वाट पाहत राहिला. मग एका सकाळी ठेकेदाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला काढण्यात आलं. ती त्याची बडतर्फीची नोटीस. आता अर्जाच्या रकान्यात तारीख कुठली घालायची? शेवटच्या हजेरीची, शेवटच्या पगाराची, की ग्रुपमधून काढल्याची? टेबलावर यावर अर्धा तास खल झाला. शेवटी हजेरीची तारीख घातली, कारण तिचा थोडातरी माग महामंडळाच्या संगणकात सापडतो. मालक दर महिन्याचं अंशदान भरताना कुणाचे किती दिवस भरले ते नोंदवतो, आणि दिवस शून्य असतील तर का, तेही एका रकान्यात टाकतो. त्या रकान्यात काय पडलंय हे कामगाराला कधी कुणी दाखवत नाही. काम सोडलं, काम नव्हतं, कपात झाली, संप होता, यांतला कुठलाही पर्याय कारकुनाच्या एका क्लिकवर ठरतो, आणि हा अर्ज माणसाच्या तोंडापेक्षा त्या क्लिकवर जास्त भरवसा ठेवतो. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला, संपावर असलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला तो काही देत नाही. म्हणून तो रकाना महत्त्वाचा.

ऑगस्टच्या बैठकीनं ही मालकाच्या सहीची अटही काढली, आणि याबद्दल त्या निर्णयाला मनापासून दाद द्यायला हवी. कामगारानं थेट शाखा कार्यालयात अर्ज द्यावा, मालकाकडे काय विचारायचं ते कार्यालयानं विचारावं. नोकरी गेल्यावर पूर्वी ९० दिवस थांबावं लागे, ते ३० झाले. फक्त एवढंच, की मुंबईत लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्यांसाठीच धावत होत्या, सर्वांसाठी त्या सुरू झाल्या १ फेब्रुवारी २०२१ला, त्याही ठरावीक वेळांत. दिव्यात राहणारा, पवईच्या गाळ्यात काम केलेला माणूस शाखेत पोचायला दोन बस बदलून, रांगा लावून जायचा. शाखेतले कर्मचारी काचेआडून, मास्कमधून बोलत, त्यांचेही सहकारी आजारी पडत होते. तिथल्या एका लिपिकानं एका म्हाताऱ्या कामगाराचा अर्ज स्वतःच्या पेननं पुन्हा भरून दिलेला मी पाहिला आहे. याच्या संशयी स्वभावाला अशी माणसं सांभाळून घेतात.

अट्ठ्याहत्तर हा त्याचा आवडता आकडा. दोन वर्षं विमाधारक असलं पाहिजे, हे झालंच. वर एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे जे अंशदान कालावधी असतात, त्यांतल्या प्रत्येकात किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं, असे मागचे सलग चार कालावधी तो पूर्वी तपासायचा. कंत्राटी माणसाचं आयुष्य असं सलग नसतं. सात महिने काम, दोन महिने 'ब्रेक', पुन्हा नवं जॉइनिंग. महामारीच्या काळात हेही सैल झालं. लगतच्या आधीच्या कालावधीत ७८ आणि उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात ७८ असले तरी चालेल, असं ठरलं. सत्त्याहत्तर भरलेल्याकडे मात्र तो मान वर करूनही पाहत नाही.

नावाच्या बाबतीत तो फार मानी. आधारवर कांताबाई, ईएसआयच्या कार्डावर कांता, पासबुकात माहेरचं आडनाव. ही एकच बाई आहे हे शेजारच्या पोराला कळतं, याला पटत नाही. आधार आणि बँक खातं विम्याच्या नोंदीशी जुळलेलं असल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. बायकांच्या बाबतीत हा मानीपणा जास्त बोचतो, कारण लग्नानंतर नाव बदलायला लावणारे आपण आणि त्याची शिक्षा त्यांना.

त्याचे गुण सांगितले नाहीत तर ओळख अपुरी राहील. एकदा पटलं की तो मध्यस्थ ठेवत नाही, पैसे थेट खात्यात टाकतो. जात, गाव, भाषा, पक्ष विचारत नाही. बिहारहून आलेला लोडर आणि बीडहून आलेला फिटर त्याच्या लेखी सारखे. कंत्राटी असलात तरी अंशदान भरलं असेल तर तुमचा हक्क कायम कामगाराइतकाच धरतो. या योजनेसाठी पगारातून वेगळा पैसाही कापत नाही.

लाजाळू मात्र इतका, की त्याच्या खऱ्या धन्यांना, म्हणजे ज्यांच्या पैशावर तो उभा आहे त्या कामगार स्त्री-पुरुषांना, तो आहे हेच ठाऊक नसतं. ईएसआय म्हटलं की लोकांना दवाखाना आठवतो, औषधांची रांग आठवते, मुलुंड किंवा कांदिवलीचं रुग्णालय आठवतं. काम गेल्यावर याच कार्डावर पैसे मिळू शकतात हे सांगणारा कागद मी फिरलो त्या एकाही गेटवर मला चिकटवलेला दिसला नाही. त्या वर्षी गावाकडे चालत निघालेल्यांत कार्ड खिशात असलेलेही होते.

आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही, त्यांच्याशी हा बोलतच नाही. महिना २१ हजारांच्या वर पगार असलेला सुपरवायझर त्याच्या ओळखीचा नाही. धुणी-भांडी करणाऱ्या बायका, फेरीवाले, रिक्षावाले, नाक्यावर उभे राहणारे मजूर, कुणीच नाही. एप्रिल २०२१च्या निर्बंधांत राज्य सरकारनं नोंदणीकृत घरकामगार, बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, अधिकृत फेरीवाले यांना दीड हजार रुपये जाहीर केले. ती एकवेळची मदत होती, त्यातही आधी नोंदणी हवी. याच महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि मागूनही काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यावा हे तत्त्व गावच्या मजुरासाठी मान्य केलं. शहरातल्या मजुरासाठी ते अजून झालेलं नाही, आणि ते व्हायला हवं. संघटनेच्या त्या टेबलासमोर मुलीला सोबत म्हणून आलेल्या एका घरकामगार मावशींनी विचारलं होतं, "आमचा फॉर्म कुठला?" टेबलावरच्या गठ्ठ्यात तो नव्हता.

या गृहस्थाशी पुढे गाठ पडायची शक्यता कुणालाच नाकारता येत नाही, योजनेची मुदत वाढत आली आहे. त्याचे ९० दिवस आयुष्यभरासाठी आहेत. २०२०मध्ये सगळे वापरलेल्याला दुसऱ्या लाटेत तो पुन्हा भेटला नाही. तेव्हा त्याच्याकडे जाताना दोन गोष्टी जवळ असू द्या. पहिली म्हणजे पगाराची पावती. हजेरीपुस्तक मालकाकडे असतं, पावती तुमच्या पिशवीत. दुसरी, तुमचा दहा आकडी विमा नंबर. त्याची सगळी स्मरणशक्ती त्या नंबरात आहे. ठेकेदार बदलला की नवे लोक घाईघाईनं नवा नंबर काढून देतात, आणि मागची पाच वर्षं या अर्जाच्या लेखी पुसली जातात. नंबर आयुष्यभर एकच चालतो. नव्या ठिकाणी रुजू होताना जुनं कार्ड दाखवा, आणि टेबलापलीकडचा माणूस तोच नंबर टाकेपर्यंत उठू नका.