कोण चुकलं आणि काय चुकलं

योजना आखणे हा आमच्या घरचा गृहोद्योग आहे. पापडांना निदान ऊन तरी लागते. योजनेला एक पाठकोरा कागद पुरतो. मुंजीपासून माळा आवरण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची आमच्याकडे योजना होते, आणि ती फिसकटली की सारे कुटुंब एकमुखाने विचारते, "कोणामुळे?" घरात माणसे पाच. त्यामुळे उत्तरेही पाच मिळतात आणि एकाही उत्तरात उत्तर देणाऱ्याचे स्वतःचे नाव नसते.

मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम. लोक तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणतात, आम्ही रोकड जुळवतो. हल्ली खतावण्या संगणकाच्या पोटात गेल्या, नोटा यंत्र मोजते. पण पेटीतली रोकड आणि पडद्यावरचा आकडा यांचे लग्न शेवटी माणसालाच लावावे लागते. जुळले तर मुहूर्त साधला. नाही जुळले तर नव्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो, "कोणी केलं?"

मी नवा असतानाचे आमचे हेडकॅशियर हा प्रश्न विचारूच देत नसत. म्हणत, "माणूस कुठे पळून जात नाही, फार तर लोकल पकडायला पळेल. आधी फरक किती ते सांग." मग ते फरकालाच प्रश्न विचारीत. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद आहे का? असली तर जमेची रक्कम नावे पडली असेल. १८०० रुपये चुकीच्या बाजूला गेले की फरक बरोबर ३६०० चा येतो. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा. ७२० चे २७० झाले की फरक ४५०. नऊने नेमका भाग जातो. ५०० वर एक शून्य जास्त पडून ५००० झाले तरी फरक ४५००, पुन्हा नऊच. या पद्धतीत मला एकच गोष्ट फार आवडते. नऊचा पाढा कोणाच्या माहेरचा उद्धार करीत नाही.

पुढे वाचनात आले की, अमेरिकेच्या सैन्याने १९७० च्या दशकात सरावासाठी अशीच एक रीत बसवली. तिला 'आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू' म्हणतात. लुटुपुटीची लढाई संपली की सगळे गोल करून बसतात आणि चार गोष्टी विचारतात. काय व्हायचं ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं? बोलताना हुद्दा बाजूला ठेवायचा. शिपायाने कर्नलसाहेबांसमोर खुशाल तोंड उघडायचे. आमच्या घरी कर्नलची जागा स्वयंपाकघरात असल्यामुळे ही अट पाळणे अंमळ धाडसाचे होते. पण एकदा वेळच तशी आली.

२०२३ च्या मे महिन्यात एका मुंजीसाठी रत्नागिरीला जायचे होते. योजना मेहुण्यांनी फोनवरून आखून दिली : चारला उठणे, आंघोळी उरकून साडेचारला घर सोडणे. प्रत्यक्षात आम्ही स्टेशनच्या पुलावर पोहोचलो तेव्हा गाडीचा फक्त शेवटचा डबा आमच्या भेटीला थांबला होता. तोही फार थांबला नाही. तिथेच चौकशी समिती बसली. आईच्या मते नातीच्या वेणीमुळे, नातीच्या मते आजीच्या पूजेमुळे आणि सौ.च्या मते "तुमच्या घराण्यातच आहे हे!" मी चार प्रश्न काढले. तिसऱ्यावर आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, न्हाणीघर एक, माणसं पाच, वेळ अर्धा तास. म्हणजे प्रत्येकाला सहा मिनिटं." सहा मिनिटांत आमची आई नुसता तांब्या विसळते! म्हणजे माणसे बरोबर होती, भागाकारच चुकला होता. २०२४ साली आम्ही तिघांच्या आंघोळी रात्रीच उरकल्या आणि फलाटावर इतक्या लवकर पोहोचलो की चहावालाही आला नव्हता. त्याचीही नोंद केली : पुढच्या वेळी थर्मास.

गाडी काय, चुकली तर दुसरी मिळते. पण त्याच वर्षी मुलगी सी.ए. फाउंडेशनला बसली आणि नापास झाली. या परीक्षेत चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण निम्मे गुण लागतात. तिला हिशेबाच्या पेपरात ३४ मिळाले. घरात सी.ए. नसलेले सगळे नातेवाईक सल्ला द्यायला लोटले. "किती तास करीत होतीस?" "मोबाईल कोणी घेऊन दिला?" पोरीने पुस्तके पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, "बाबा, मला हे जमणार नाही. मी मठ्ठच आहे." आमची पोर स्वतःचेच नाव उत्तरात घालीत होती! घरातली ही पहिलीच वेळ, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

मी म्हटले, "मठ्ठ कोण ते नंतर बघू. आधी फरक शोधू. काय ठरलं होतं?"

"रोज दहा तास."

"झाले किती?"

तिने वही पुढे केली. रोज दहाच! तास पैनपै जुळत होते, आणि तरी सहा गुण कमी.

"त्या दहा तासांत करायचीस काय?"

"सोडवलेली उदाहरणं वाचायचे."

"आणि घड्याळ लावून, तीन तास, कोऱ्या कागदावर?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एकदाही नाही." फरक सापडला होता. पोहायचे पुस्तक वाचून ती विहिरीत उतरली होती. रात्री पलंगाखालून पुस्तके बाहेर ओढल्याचा आवाज आला. मी झोपेचे सोंग घेतले.

२०२५ साली ती पास झाली. पेढा खाऊन होताच मी विचारले, "हं, काय ठरलं होतं?"

"अहो बाबा, पास झाले ना! आता कसले प्रश्न?"

तिला सांगितले, बँकेत रोकड कमी आली की बोंब होते, तशी जास्त आली तरी होते. जादा पैसे कोणी खिशात घालीत नाही. ते वेगळ्या खात्यात जमा करून धनी शोधतात. शिवाय कच्चा ताळेबंद जुळला म्हणजे हिशेब बरोबरच असतो असे नाही. दोन चुका एकमेकींना सावरून धरतात आणि बेरीज साळसूदपणे जुळते.

तिने पेढा तोंडात तसाच धरून विचार केला. "अर्थशास्त्राच्या पेपरात," ती हळूच म्हणाली, "चारपाच उत्तरं अंदाजानं ठोकली होती. चुकली असती तर उलट गुण कापले असते."

"मग ती लिहून ठेव."

"कशाखाली?"

"जादा रोकड. खर्च करू नकोस."

तिने खरेच वही काढली.