क्योटोत मांडलेलं पान

"पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, आई!" असं मी एकदा सासूबाईंना फटकन बोलून गेले. सकाळची वेळ, सातच्या ठोक्याला शाळेत पोचायचं, नि त्यांचं आपलं एकच चाललेलं. मीठ वर मधोमध हवं, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. त्या काही बोलल्या नाहीत. मी उजवीकडे वाढलेली चटणी डावीकडे घेतली नि आत गेल्या. ही गोष्ट मी विसरूनही गेले होते. ती आठवली थेट जपानात, क्योटो शहरात, जेवणाच्या पाटावर बसल्यावर.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या ह्यांना कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे ओसाकाला जायचं होतं. मुलाला आजीपाशी ठेवलं, शाळेतून बिनपगारी रजा काढली नि मीही निघाले. ओसाकाहून क्योटो आगगाडीनं अर्ध्या तासावर. ७९४ साली हे गाव जपानची राजधानी झालं, नि पुढं हजारएक वर्षं सम्राटांचं वास्तव्य इथंच होतं. आम्ही गेलो तेव्हा देवळादेवळांतून मेपलची झाडं लालभडक झाली होती. दुपारी निशिकी नावाच्या मंडईत भटकलो. गल्ली जेमतेम चारशे मीटरची, पण काय नव्हतं तिथं! क्योटोला समुद्र जवळ नाही, म्हणून इथल्या स्वयंपाकात भाज्यांना नि सोयाबीनच्या पदार्थांना मोठा मान. सोयाबीनच्या दुधावरची साय काढून तिचे पापुद्रे करतात, त्याला 'युबा' म्हणतात. एका दुकानात चक्क अळकुड्या दिसल्या! कोळंबीसारखा बाक असलेल्या, अंगावर आडव्या रेघा. परमुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसा आनंद झाला.

संध्याकाळी ह्यांच्या कचेरीतले एक जपानी स्नेही नि त्यांच्या पत्नी यांनी आम्हांला 'काइसेकी' जेवायला बोलावलं होतं. 'काइसेकी' या शब्दाची गंमत ऐका. 'काइ' म्हणजे छाती, 'सेकी' म्हणजे दगड. झेन पंथाचे भिक्षू भूक मारायला गरम केलेला दगड अंगरख्यात पोटाशी धरत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) यांच्या परंपरेत कडक चहाआधी पोटाला आधार म्हणून बेताचं जेवण देत. भात, एक सार नि तीन पदार्थ. पुढं त्याच उच्चाराचा, पण वेगळ्या अक्षरांत लिहिला जाणारा मेजवानीचा थाट आला. आज उपाहारगृहांतून मिळतं त्यात दोन्हींचं मिश्रण असतं. किंमत मात्र भिक्षूंची नाही, सावकारांची!

आम्ही शाकाहारी. जपानी सारात बहुधा सुकवलेल्या मासळीचा अर्क असतो, म्हणून आधीच कळवून ठेवलं होतं. त्यांनी आमच्यासाठी समुद्रातल्या 'कोंबू' शेवाळाचं नि सुकवलेल्या अळंब्यांचं पाणी वापरलं. बौद्ध मठांतली ही जुनी रीत.

पहिला पदार्थ आला. तळहाताएवढ्या खोलगट बशीत तिळाच्या खरवसासारखी एक चौकोनी वडी, वर टिकलीएवढं हिरवं वासाबी. बाकी बशी मोकळी. "पुढं भात आहे ना गं?" हे हळूच माझ्या कानाशी. मी डोळे वटारले, पण मनात माझ्याही तेच होतं.

मग लाखेचा काळा वाडगा, झाकण घातलेला. झाकण काही केल्या निघेना! यजमानीणबाईंनी वाडग्याच्या कडा हलकेच दाबून दाखवल्या. आत हवा शिरली नि झाकण सुटलं. वाफेबरोबर युझू नावाच्या लिंबाचा असा वास आला, की मी क्षणभर चमचा शोधायचंच विसरले. चमचा नव्हताच म्हणा, वाडगाच तोंडाला लावायचा.

त्यानंतर 'हास्सुन'. हे खरं तर तबकाचं नाव. देवदारासारख्या सुगंधी लाकडाचं चौरस तबक, बाजू आठ 'सुन', म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर. यावर डोंगरातलं नि समुद्रातलं असं दोन्ही वाढायचं. आमच्या तबकात समुद्राच्या जागी शेवाळाचा एक प्रकार होता. डोंगराच्या बाजूला शिजवलेलं चेस्टनट, नि पाइनच्या सुईसारख्या पानात ओवलेले हिरवट-पिवळे गिंको दाणे. शेजारी मेपलचं एक लाल पान, जणू वाऱ्यानंच आणून टाकलेलं. दुपारी देवळात पाहिलेला सगळा हेमंत त्या तबकावर उतरला होता.

मी विचारत गेले नि दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत गेले. या मांडणीला 'मोरित्सुके' म्हणतात. पदार्थ सपाट पसरायचा नाही, डोंगरासारखी मागं उंची नि पुढं उतार ठेवायचा. तुकडे शक्यतो विषम ठेवायचे, तीन किंवा पाच. गोल भांड्यात चौकोनी पदार्थ, चौकोनी भांड्यात गोल. पांढरा, काळा, पिवळा, लाल, हिरवा असे पाच रंग जेवणभर फिरते ठेवायचे. उन्हाळ्यात काचेची भांडी, थंडीत जाड, ऊब धरणारी. रोसांजिन (१८८३ ते १९५९) नावाचे एक मोठे बल्लवाचार्य भांड्याला अन्नाचा किमोनो म्हणत. मनासारखी भांडी मिळेनात म्हणून ते स्वतःच कुंभारकाम करू लागले! नि बशीतली मोकळी जागा? ती कंजुषी नव्हे. तिच्यामुळं पदार्थाला श्वास घ्यायला जागा मिळते.

शिजवलेल्या भाज्यांच्या वाडग्यात माझी दुपारची अळकुडी, भोपळा नि अळंबी होती. प्रत्येक भाजी वेगळ्या भांड्यात शिजवून मग शेजारी शेजारी बसवलेली. वर युझूच्या सालीचे केसाएवढे बारीक तुकडे, चिमूटभर. "हे कशाला?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "याला 'तेनमोरी' म्हणतात. वाढून झाल्यावर शेवटी ठेवतात. याचा अर्थ, यानंतर या वाडग्याला कुणी हात लावलेला नाही. हा फक्त तुमच्यासाठी आहे."

मी गप्प झाले. त्या चिमूटभर सालीनं मला थेट आमच्या स्वयंपाकघरात नेलं. चाळीस वर्षं आई सगळ्यांची पानं मांडताहेत. मीठ मधोमध, चटणी डावीकडे. नि स्वतः? सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेला भात तिथंच कालवून घेतात. त्यांच्यासाठी पान मांडलेलं मी लग्नानंतरच्या बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. मांडलंही नव्हतं.

शेवटी ऊन भात, लोणची नि सार आलं, ह्यांचा जीव भांड्यात पडला. त्यावर गोड पर्सिमॉनची एक फोड. निघताना मी यजमानीणबाईंना विचारलं, "घरी रोज असंच करता?" त्या तोंडावर हात धरून हसल्या. "छे हो! मीही नोकरी करते. सकाळी डब्यातच सगळं कोंबते." मला बरं वाटलं. आत ओट्यामागं चार-पाच पुरुष आचारी नुसत्या मांडणीसाठी राबत होते, ते मी पाहिलं होतं. तेवढे हात कुठल्या बाईला घरी मिळतात?

तेव्हा मैत्रिणींनो, रोज मेजवानी मांडा असं काही मी सांगणार नाही. पण वाटी काठोकाठ न भरणं, ताटाचा काठ वाढल्यावर फडक्यानं पुसणं, नि कोथिंबीर-खोबरं पातेल्यात न ढवळता वाढून झाल्यावर प्रत्येकाच्या वाटीत वरून घालणं, एवढं घाईतही जमतं. आपली तेनमोरी तीच.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी म्हटलं, "आई, आज तुम्ही आधी बसायचं." खूप आढेवेढे घेतले, शेवटी बसल्या. मी निगुतीनं पान मांडलं. डावीकडे लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर, उजवीकडे वांग्याची भाजी, मधे भाताची मूद, आमटीत वरून कोथिंबीर. जपानहून वहीत जपून आणलेलं ते लाल पानही शेजारी ठेवलं. त्या कितीतरी वेळ पानाकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

मग मान वर करून म्हणाल्या, "मीठ विसरलीस."